शेकाची पुरचुंडी आणि बर्फाची लादी

आज आम्ही थोडा इतिहास सांगणार आहोत, पण सुरुवात आमच्याच चुलीपासून करतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका काकूंचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं. खांडबारा स्टेशनावरून गाडीत बसल्या, नवापूर, व्यारा करत सुरतेला उतरल्या, आणि दोन आठवड्यांनी एक स्तन आणि काखेतल्या गाठी काढून घरी परत आल्या. हात जड झालेला, काखेत ओढ बसलेली. जाऊबाई मायेची. तिने तव्यावर जाडं मीठ भाजलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि टाक्यांच्या बाजूला, दंडाच्या आतल्या अंगाला शेकायला बसली. मधेमधे विचारत होती, चटका बसतोय का? काकू म्हणायच्या, काहीच लागत नाही गं, अजून गरम चालेल. तिसऱ्या दिवशी झंपर अंगाला चिकटला. सोडवून पाहिलं तर तळहाताएवढा फोड फुटलेला. काकूंना कळलंच नव्हतं.

जाऊबाई आठ दिवस जेवली नाही धड. पण चूक तिची होती का? दवाखान्यातून निघताना जो कागद दिला होता तो इंग्रजीत. त्यावर शेकाबद्दल काही लिहिलं होतं की नव्हतं, हे आम्हाला आजही ठाऊक नाही, कारण तो कागद भिजला. मग आम्ही ठरवलं की हे शेकणं कुठून आलं, हा बर्फ कुठून आला आणि ऑपरेशन झालेल्या अंगाला यातलं काय चालतं, ते नीट शोधायचं. विचारलं, वाचून घेतलं, नर्सताईंकडे जाऊन बसलो. जे हाती लागलं ते सांगतो.

शेक आपल्या हाडात आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, त्यात ओवा आणि बाळंतशेपा. पाठ धरली की तापलेली वीट फडक्यात गुंडाळून. गुडघ्याला निर्गुडीचा पाला, सुजेला तेल लावून गरम केलेलं रुईचं पान. शेक देते ती आपली माणूस, एवढं साधं गणित. आणि हे काही आजचं नाही. चरकसंहितेत घाम आणण्याचे, म्हणजे शेकाचे, 13 प्रकार मोजून सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेत तर त्याच्याही पुढे जाऊन अग्निकर्म आहे, म्हणजे तापवलेल्या वस्तूने डाग देणं. पण ते सांगताना सुश्रुताने कुणाला डाग देऊ नये तेही सांगून ठेवलंय. लहान मूल, म्हातारं माणूस, अशक्त माणूस, भित्रं माणूस आणि ज्याच्या अंगावर पुष्कळ जखमा आहेत असा माणूस. उन्हाळ्यात आणि पावसानंतरच्या शरदात हे काम करू नये असंही तो म्हणतो.

बघा, डाग द्यायचं तेवढं आपल्या लोकांनी लक्षात ठेवलं आणि कुणाला द्यायचा नाही ते विसरलो. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याने चटके देतात, त्याच्या बातम्या अजून येतात. गुजरात, राजस्थान, मध्यप्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात त्याला डाम म्हणतात. आपल्याकडेही जुन्या माणसांच्या पोटावर, पाठीवर असे वण बघितलेत आपण. सुश्रुताच्या यादीत ज्यांना वाचवायचं होतं त्यांत बाळंही होती.

छातीतल्या गाठीचंही तेच. गाठ लागली की बाई पहिल्यांदा काय करते? सांगत नाही कुणाला. मग सासूला सांगितलं तर पोटीस बांधतात, पान बांधतात, शेकतात. शेकून गाठ जिरते असं वाटतं, कारण बाळंतपणात दूध थिजून झालेली गाठ कधीकधी खरंच जिरलेली असते. (दुधाच्या गाठीसाठीसुद्धा आता शेकापेक्षा गारवा बरा असं 2022 साली स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सांगितलंय, म्हणजे तिथेही आजीचं सगळंच बरोबर नव्हतं.) पण जी गाठ दुखत नाही, कडक आहे, दूध पिणारं मूलही घरात नाही, ती शेकाने जिरत नाही. शेकण्यात महिने जातात आणि गाठ आपलं काम करत राहते. आमच्या काकूंनी चार महिने पान बांधलं होतं. हे त्यांनी स्वतःच रेडिओवर सांगायला लावलंय.

आता आपण थोडं लांब जाऊ. जपानमध्ये हानाओका सेईशू नावाचा वैद्य होता. त्याने 1804 साली एका साठ वर्षांच्या बाईच्या स्तनातली गाठ काढली, आणि तीही तिला पूर्ण झोपवून. झोपेचं औषध त्याने स्वतः तयार केलं होतं आणि त्यात मुख्य होता धोत्रा. होय, आपल्या बांधावरचा धोत्रा, त्याच कुळातला. औषधाचा अंदाज घेण्यासाठी त्याच्या आईने आणि बायकोने ते स्वतःवर करून घेतलं आणि त्यात बायकोची दृष्टी गेली, असं सांगतात. जगाच्या पुस्तकात नाव हानाओकाचं आहे. आम्हाला मात्र त्या बायकोचं जास्त वाटलं. आणि कुणी धोत्रा उकळायला घेऊ नका, वीस वर्षं प्रमाण शोधूनही घरच्या बाईचे डोळे गेले तिथे.

जपानची खबर तेव्हा बाहेर पोचत नव्हती. म्हणून 1811 साली पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन काढला तेव्हा तिला फक्त दारूचा एक घोट दिला आणि तोंडावर पातळ रुमाल टाकला. रुमालातून तिला सुरीची चमक दिसत होती. पुढे तिने बहिणीला एक लांबलचक पत्र लिहून सगळं सांगितलं. ते लिहायला तिला महिने लागले, कारण आठवलं की डोकं दुखायचं. पण बाई टिकली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जगली, 87व्या वर्षी गेली.

ही गोष्ट सांगायचं खरं कारण तिचा सर्जन आहे. त्याचं नाव लारे. तो नेपोलियनच्या फौजेचा सर्जन होता. शेक आणि बर्फ या आपल्या दोन्ही गोष्टी या एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या. 1807च्या फेब्रुवारीत आयलाऊ गावाजवळ कडाक्याच्या थंडीत लढाई झाली. जखमी शिपायांचे हातपाय कापताना लारेच्या लक्षात आलं की गारठलेल्या अंगाला सुरी कमी दुखते. थंडीने अंग बधीर होतं. हे झालं बर्फाचं.

मग हवा बदलली, बर्फ वितळायला लागला. शिपाई शेकोटीभोवती बसले. त्यांचे पाय गारठून बधीर झाले होते, म्हणून ते पाय अगदी जाळाजवळ नेत. चटका बसतोय हे कळायचंच नाही. त्या पायांना फोड आले, कातडी काळी पडली, पाय सडले. लारेने हे लिहून ठेवलं. जे पाय थंडीत तग धरून होते ते शेकोटीने गेले.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमची जाऊबाई म्हणाली, म्हणजे माझ्यासारखंच झालं त्यांचं.

अगदी तसंच. फरक एवढाच की शिपायांचे पाय थंडीने बधीर झाले होते आणि काकूंची काख ऑपरेशनने. काखेतल्या गाठी काढताना तिथून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक संवेदनेची शीर पुष्कळदा ताणली जाते, कधी कापली जाते. ती हात हलवायची शीर नाही, म्हणून हात चालतो. पण दंडाची आतली-मागची बाजू, काख आणि छातीची कातडी लाकडासारखी होते. काहींना महिन्यांनी थोडी जाण परत येते, काहींना कधीच येत नाही. त्या कातडीला विचारून उपयोग नाही. लागतंय का, या प्रश्नाला ती खोटं उत्तर देते.

लारेनेही सगळं बरोबर सांगितलं नाही बरं. शेकोटी नको हे खरं, पण त्याऐवजी गारठलेल्या अंगावर बर्फ चोळा असं तो म्हणाला. त्याचं मोठं नाव असल्याने शंभर-सव्वाशे वर्षं लोक तसंच चोळत राहिले. आता ते चूक ठरलंय. मोठ्या माणसानेही एका तोंडाने एक खरं आणि एक खोटं सांगितलं की दोन्ही चालू राहतात.

बर्फ आपल्याकडे कसा आला? आमच्या खांडबाऱ्यात आज बाजाराच्या दिवशी मासळीवाल्याकडे लादी असते, गोळेवाल्याकडे असते. पण दोनशे वर्षांपूर्वी या मुलखात बर्फ कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, गार पडेल तेवढ्याच वेळचा. पहिला बर्फ आला अमेरिकेहून, जहाजात. बोस्टनच्या ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तळ्यावरचा गोठलेला बर्फ कापून, भुशात बांधून 1833 साली कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला तरी शंभर टनांच्या आसपास उतरला. पुढच्या वर्षी मुंबईलाही आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, अशी मुंबईची जुनी गोष्ट आहे. बर्फ साठवायला मुंबईत, कलकत्त्यात, मद्रासला बर्फघरं बांधली. मद्रासचं अजून उभं आहे. 1870-80च्या सुमारास इथेच यंत्राने बर्फ होऊ लागला आणि जहाजं थांबली. थोडक्यात, आपल्या आजीच्या आजीला शेक ठाऊक होता, बर्फ नव्हता. म्हणून बर्फ लावायचा म्हटलं की घरात अजून म्हणतात, वात धरेल.

साधारण त्याच काळात इंग्लंडमध्ये जेम्स अर्नॉट नावाच्या डॉक्टरने बर्फ थेट स्तनाच्या गाठीवर लावून पाहिला. साधा बर्फ नाही. कुल्फीवाला काय करतो? हंडीभोवती बर्फ टाकतो आणि त्यात मूठभर मीठ. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना साध्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त गार होतो, म्हणून दूध गोठतं. अर्नॉटने नेमकं हेच केलं. कुटलेला बर्फ आणि मीठ मिसळून शून्याच्या खाली वीस अंशांच्याही पुढचा गारवा आणला आणि मोठ्या झालेल्या, फुटलेल्या गाठींवर लावला. त्याच्या नोंदींप्रमाणे बायकांच्या वेदना कमी झाल्या, वाहणं कमी झालं, काहींची गाठ लहान झाली. बरी झाली असं नाही. ज्या काळात दुसरं काही नव्हतं त्या काळात दुखणं कमी होणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती. आज काही मोठ्या दवाखान्यांत सुईने गाठ आतून गोठवतात, त्याची सुरुवात अर्नॉटच्या बर्फ-मिठातून झाली असं मानतात.

पण यातली आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. मीठ घातलेला बर्फ मांस मारतो. म्हणून कुणाच्याही अंगाला बर्फ लावताना त्यात मीठ नको, कधीच नको. आणि मिठाशिवायचाही उघडा बर्फ बधीर कातडीवर ठेवला तर तिथे थंडीचा चटका बसतो, त्यालाही फोड येतो.

1846 साली बोस्टनमध्ये ईथर हुंगवून ऑपरेशन करून दाखवलं, आणि सुरीची भीती कमी झाली. मग सर्जन लोकांचा हात मोकळा सुटला. अमेरिकेतला हॅलस्टेड हा त्यातला मोठा. 1882पासून तो स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी असं एकदमच काढू लागला, आणि 1894 साली त्याने 50 बायकांचा हिशेब छापला. गाठ पुन्हा त्याच जागी यायचं प्रमाण खूप कमी झालं. जगभर तीच पद्धत झाली, सत्तर-ऐंशी वर्षं. (ऑपरेशनमध्ये रबरी हातमोजे आणणाराही हाच. त्याच्या नर्सचे हात औषधाने सोलवटत होते म्हणून करून घेतले, पुढे तिच्याशीच लग्न केलं.)

त्या बायकांच्या छातीवर नंतर फक्त बरगड्या आणि वर ताणलेली कातडी राहायची. खांदा आखडायचा, हात सुजून खांबासारखा व्हायचा. हॅलस्टेडने स्वतःच 1921 साली त्या सुजेवर लिहिलं आणि तिला हत्तीरोगासारखं नाव दिलं. ही सूज का येते ते समजून घेऊ, कारण शेकाचा प्रश्न इथेच आहे. अंगात रक्ताच्या नळ्या असतात तशा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाटाही असतात. हाताचं पाणी काखेतल्या गाठींमधून पुढे जातं. गाठी काढल्या की बांध फुटलेल्या पाटासारखं होतं, पाणी मागे तुंबतं. आता त्या हाताला शेक दिला तर काय होईल? उष्णतेने रक्ताच्या नळ्या फुगतात, रक्त जास्त येतं, पाणी जास्त झिरपतं, आणि जायला वाट तर आधीच अरुंद. म्हणजे सूज उतरवायला दिलेला शेक सूज चढवतो. काकूंची जाऊ नेमकं हेच करत होती, चटक्याचं बाजूला ठेवलं तरी.

पुढे 1970च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत वेरोनेसी यांनी बायकांचे गट करून वर्षानुवर्षं तपासलं. एका गटाचा सगळा स्तन काढला, दुसऱ्या गटाची फक्त गाठ काढून वर किरणांचा उपचार दिला. वीस वर्षांनी बघितलं तर दोन्हीकडे बायका सारख्याच जगल्या होत्या. 1990नंतर काखेतली आधी एक-दोन गाठीच निळं औषध टाकून शोधायच्या आणि त्या स्वच्छ असतील तर बाकीच्या राहू द्यायच्या, अशी रीत आली. त्या बायकांना हाताची सूज फार कमी येते. अर्थात गाठ लहान असताना गेलं तरच हे सगळं नशिबी. पान बांधण्यात चार महिने गेलेल्या बाईला नाही.

आपल्या बाजूचंही सांगायला हवं. आपली रेल्वेलाईन, तापी खोऱ्याची, एकोणिसावं शतक संपताना पडली. त्याच सुमारास सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात डॉक्टर रखमाबाई काम करत होत्या. लहानपणी झालेलं लग्न नाकारून कोर्टाशी भांडलेल्या त्याच. 1894 साली लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि वीसेक वर्षं सुरतेत राहिल्या. बाईने बाईला छाती दाखवायची लाज वाटू नये एवढं तरी तिथे झालं. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं. त्याच टाटाने पुढे मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षांचा अभ्यास केला, त्यात शिकवलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी फक्त हाताने छाती तपासली. मशीन नाही, काही नाही. 2021 साली निकाल आला. गाठी लवकरच्या पायरीवर सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मरण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालं. एका बाईचा शिकलेला हात एवढं करतो.

टाटाचं नाव निघालं म्हणून एक शब्दाचा घोळ सांगतो. किरणांच्या उपचाराला आपण लाईट घेणं म्हणतो. हिंदी बोलणारे सिकाई म्हणतात. आता सिकाई म्हणजे शेकच. एका बाईला दवाखान्यात सांगितलं, घर जाने के बाद सिकाई के लिए आना है, आणि तिच्या घरच्यांनी विटेचा शेक सुरू केला, अशी गोष्ट आम्ही ऐकली. ऐकीव आहे, पण आम्हाला अगदी खरी वाटते. तेव्हा लाईट म्हणजे मशीनची लाईट. ती चालू असताना आणि नंतरही त्या जागेच्या कातडीला शेक नको, बर्फ नको, बाम तर नकोच नको. ती कातडी आधीच भाजल्यासारखी असते.

मग किती गरम म्हणजे जास्त गरम? याचाही अभ्यास झालेला आहे. 1947 साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी डुकरांच्या आणि थोड्या माणसांच्या कातडीवर मोजून पाहिलं. 60 अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, हे आपल्याला पटतं. पण 44 अंशांची वस्तू, जी हाताला नुसती छान ऊन लागते, तीही सहा तास तशीच राहिली तर भाजते. म्हणजे रबरी पिशवी कुशीत घेऊन झोपलं तर भाजतं. जाण असलेलं माणूस झोपेत कूस बदलतं. बधीर कातडी बदलू देत नाही.

नर्सताईंनी आम्हाला जे सांगितलं ते असं. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस टाक्यांजवळ, नळीजवळ शेक अजिबात नाही. गारवा चालतो, पण तोही डॉक्टरला विचारून, कारण पोटाचं किंवा पाठीचं मांस घेऊन नवा स्तन बनवला असेल तर गारव्याने त्याचं रक्त कमी होऊन ते मांस मरू शकतं. चालतो म्हणाले तर बर्फ आधी प्लास्टिकच्या पिशवीत, कारण लादीचं पाणी कुठलं असतं ते आपल्याला माहीत आहे, मासळीच्या लादीचं तर विचारूच नका. पिशवीवर जाड कोरडं फडकं. दहा-पंधरा मिनिटं, मग तास-दोन तास सुट्टी. आणि मधे दर पाच मिनिटांनी उचलून डोळ्यांनी बघायचं. कातडी पांढरी पडली, जांभळी दिसली, फोड दिसला की बंद. बाईला विचारायचं नाही, बघायचं.

लस देणाऱ्या ताईंना हे पटकन समजलं. त्यांच्या लसीच्या डब्यातले बर्फाचे पॅक डीप फ्रीजमधून काढले की लगेच भरत नाहीत. बाहेर ठेवतात, त्यांना घाम येऊ देतात, कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मग भरतात, नाहीतर लस गोठून वाया जाते. आमची एक आशाताई म्हणाली, लसीला एवढं जपतो आणि बाईच्या छातीला नाही? तेच करायचं, पॅक खळखळल्यावरच घ्यायचा. पण लसीच्या डब्यातला पॅक मागायला जाऊ नका, त्यावर गावातल्या बाळांचा हक्क आहे.

शेक कायमचा बंद का? नाही. खांदा आखडला तर जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरने हो म्हटल्यावर, खांद्याच्या मागे किंवा मानेला, जिथे जाण आहे तिथे, कोमट शेक घेता येतो. कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं पाणी. पारख करायची ती ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने नाही, दुसऱ्या बाजूच्या मनगटाने, आणि शेकणारीनेही आपल्या मनगटाला लावून बघायचं. पंधरा मिनिटांच्या आत उतरवायचं. पण जिथे जाण गेली आहे तिथे, आणि ज्या बाजूच्या गाठी काढल्या तो हात सुजला असेल तर त्या हाताला, शेक नाही. साखर असलेल्या बाईने तर जास्तच सांभाळायचं. खांद्यासाठी शेकापेक्षा भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा व्यायाम जास्त कामाचा, तो दवाखान्यात शिकवतात.

खरं सांगायचं तर आपल्या बायकांना पुरचुंडीपेक्षा चुलीचा धोका जास्त. भाकरी भाजताना, डाळीची वाफ काढताना, उकळतं पाणी उतरवताना तोच हात पुढे जातो. पूर्वी डॉक्टर त्या हाताने काहीच करू नका म्हणायचे, आता तेवढं म्हणत नाहीत, हात वापरलेलाच बरा असतो. पण चटका आणि जखम नको. उतरवायला सांडशी आणि जाड फडकं. मे महिन्यात शेतात जाताना लांब बाहीचा सुती सदरा, कारण उन्हाचा चटकाही त्या बाजूला कळत नाही.

आणि एक. ती जागा आपोआप लाल झाली, गरम लागली, सुजली, बाईला थंडी वाजून ताप आला, तर शेकही नाही आणि बर्फही नाही. ते आत पू होण्याचं लक्षण असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्रीची गाडी नसेल तर 108ला फोन.

काकूंचा फोड भरायला पाच आठवडे लागले. त्यांची लाईट सुरू व्हायची तारीख आधीच पडलेली होती, ती त्या जखमेमुळे पुढे ढकलावी लागली. ते पाच आठवडे घरात कुणी नीट झोपलं नाही. मग लाईट झाली, पूर्ण झाली. आता दर तीन महिन्यांनी तपासायला जातात, त्याच सकाळच्या गाडीने, आणि जाऊबाई सोबत जाते. जाताना ती डॉक्टरला विचारायचे प्रश्न शाळेतल्या पोरीकडून वहीत लिहून घेते. पहिल्या पानावर पहिला प्रश्न आहे, शेक चालेल का, आणि त्याखाली उत्तर डॉक्टरकडूनच मराठीत लिहून घेतलेलं.